मुळासकट पडलेला दात

मुलगा पावणेतीन वर्षांचा. खालच्या जबड्यातला समोरचा एक पटाशीचा दात दोन महिन्यांपूर्वी पडला, शेजारचा आठवड्यापूर्वी पडला आणि आता वरचा एक हलतोय, अशी तक्रार घेऊन आई त्याला लहान मुलांच्या दातांच्या ओपीडीत घेऊन आली. सोबत सासूबाई होत्या. कुटुंब सातारा जिल्ह्यातलं, वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

वय ऐकताच सावध व्हावं अशी ही तक्रार आहे. खालचे मधले दोन दुधाचे दात साधारण ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान येतात आणि ६ ते ७ वर्षांच्या दरम्यान पडतात. काही मुलांचे, त्यातही मुलींचे, पाच वर्षांच्या आसपासही हलायला लागतात. ज्यांच्या घरात सगळ्यांचेच दात लवकर आले आणि लवकर गेले, तिथे त्यात काळजीचं काही नसतं. पण पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत, मार न लागता, कीड नसताना दात आपणहून पडला, तर त्यामागचं कारण शोधलंच पाहिजे. या वयातला असा एकच दात पडला तरी तपासण्या करणं योग्य आहे. इथे दोन पडले होते.

पहिला दात भाकरीचा तुकडा चावताना निघाला. मुलगा रडला नाही, रक्त आलं ते थेंबभर. आजीने रीतीप्रमाणे तो कौलांवर टाकला. गावातल्या डॉक्टरांनी कुठेतरी आपटला असेल असं सांगितलं आणि ‘हाडं कच्ची आहेत’ म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं सिरप सुरू केलं. दुसरा दात पडला तेव्हा मात्र आईने तो सासूबाईंच्या हाती दिला नाही. धुऊन, पुसून एका डबीत ठेवला आणि ती डबी घेऊनच ती आली होती. मी काही विचारायच्या आधी तिने ती टेबलावर उघडली. “मॅडम, पोरगं पडलं नाही हो कुठं. आणि हा दात बघा. थोरलीचे पडले तेव्हा नुसती टोपी असायची. ह्याला पाय आहे.”

या प्रकरणातलं अर्धं निदान त्या वाक्यात होतं.

नेहमीचा दुधाचा दात पडतो तेव्हा त्याच्या खाली तयार होणारा कायमचा दात वर सरकत असतो. त्या वेळी काही खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवतात. समोरच्या दातांत हे काम साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू होतं. मूळ संपत येतं तसा दात हलायला लागतो आणि शेवटी हातात येते ती वरची टोपी, खालून खडबडीत, पोकळ. आजवर कौलांवर गेलेले किंवा उंदराच्या बिळात टाकलेले दात बहुतेक असेच. या डबीतल्या दाताचं मूळ मात्र पूर्ण होतं. लांब, निमुळतं, टोकापर्यंत शाबूत. विरघळल्याची एकही खूण नव्हती. म्हणजे दात पडायची वेळ झालेली नव्हती. ज्याने त्याला हाडात धरून ठेवायचं, तेच कुठेतरी कमी पडलं होतं.

म्हणूनच पालकांना मी आवर्जून सांगते: लहान मुलाचा दात लवकर पडला तर तो फेकू नका. रीत मोडायची नसेल तर डॉक्टरांना दाखवून मग कौलांवर टाका. कोरड्या डबीत ठेवला तरी चालतो. मूळ आहे की नाही हे साध्या डोळ्यांना दिसतं, आणि दंतवैद्याला तो दात म्हणजे एक तपासणीचा अहवालच असतो.

तोंड तपासलं. खालचे दोन गेलेले. त्यांच्या दोन्ही बाजूंचे पटाशीचे दात बोटाने हलवले की डुलत होते, वरचा उजवा मधला त्याहून जास्त. हिरड्या मात्र गुलाबी. सूज नाही, पू नाही, दाबल्यावर रक्त नाही, तोंडाला वास नाही. कीड एकाही दातात नाही. दाढा आणि सुळे घट्ट. हे चित्र महत्त्वाचं आहे. दात हलतात तेव्हा सगळ्यात आधी हिरड्यांचा आजार आठवतो, पण त्यात हिरडी लालभडक आणि सुजलेली असते. इथे हिरडी निरोगी होती आणि तरीही दात सुटत होता.

लहानपणी दात लवकर पडण्याची सगळ्यात नेहमीची कारणं दोन: मार आणि कीड. मार लागला असता तर एखादा दात एकदाच हलला असता, शेजारच्यांना खरचटलं असतं, ओठाला खूण राहिली असती. दोन महिन्यांच्या अंतराने एकामागून एक दात सुटत जाणं माराने होत नाही. कीड तर नव्हतीच. हे दोन्ही बाजूला पडले की उरतात ते कमी आढळणारे पण गंभीर आजार, आणि ते डोक्यात ठेवूनच पुढचे प्रश्न विचारावे लागतात.

वारंवार ताप, तोंडात छाले, कानात किंवा त्वचेवर सतत संसर्ग? असेल तर पांढऱ्या पेशींचे आजार बघायचे. त्यातल्या एकात तर दर २१ दिवसांच्या आसपास एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. तळहात-तळपाय जाड, भेगाळलेले? तो पॅपिलॉन-लफेव्हर सिंड्रोम असू शकतो, त्यात हिरड्याही भयंकर सुजलेल्या असतात. वजन कमी होणं, सारखी तहान? मधुमेह. डोक्यावर न जाणारं खवल्यांचं पुरळ, सतत वाहणारा कान, आणि एक्स-रेमध्ये हाड नाहीसं होऊन दात जणू हवेत तरंगताना दिसणं? मग लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिसचा विचार करावा लागतो आणि मुलाला लगेच बालरोग-कर्करोग विभागात पाठवावं लागतं. रक्ताच्या कर्करोगातही हिरड्या आणि हाड बदलतात. यातलं काही या मुलात नव्हतं. तो हसत होता, खुर्चीच्या दिव्याशी खेळत होता. वजन-उंची तक्त्यात बरोबर, चालायला वेळेवर लागलेला. रक्ताची पूर्ण तपासणी, पांढऱ्या पेशींचे प्रकार आणि साखर, सगळं ठीक आलं. एक्स-रेमध्ये हलणाऱ्या दातांभोवतीच्या हाडाची कड खाली गेलेली दिसली, पण हाड खाणारी गाठ किंवा पोकळी कुठेही नव्हती. उरलेल्या दातांच्या आतली पोकळी वयाच्या मानानेही मोठी वाटली.

निरोगी हिरडी, पूर्ण मूळ, समोरच्या खालच्या दातांपासून झालेली सुरुवात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की एका आजाराची तपासणी करायलाच हवी: हायपोफॉस्फटेशिया.

आजाराचं नाव अवघड आहे, पण त्याच्यासाठीची पहिली तपासणी अगदी साधी आहे. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे एएलपी, या विकराची (एन्झाइमची). कावीळ झाली, लिव्हरची तपासणी सांगितली की हा आकडा आपोआप छापून येतो. तालुक्याच्या प्रयोगशाळेतही ती होते. आईकडच्या पिशवीत मुलाचा सहा महिन्यांपूर्वीचा एक अहवाल होता, जुलाब झाले तेव्हा केलेला. त्यात एएलपी ५८. शेजारी छापलेली मर्यादा ४० ते १२९. आकडा मर्यादेत, म्हणून कोणतीही खूण नाही, म्हणून कुणी पाहिलंही नाही.

ती मर्यादा मोठ्या माणसांची होती. मुलांची हाडं वाढत असतात, त्यामुळे त्यांच्या रक्तात हे विकर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. तपासणीची पद्धत बदलली की आकडे थोडे मागेपुढे होतात, पण या वयात ते साधारण १४० ते ३३५ युनिट प्रति लिटर असायला हवं. ५८ म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली. माझ्या मते हायपोफॉस्फटेशियाची निदानं रखडतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. अनेक अहवालांत वयानुसार मर्यादा छापलेली नसते. आणि डॉक्टरांची नजरही एएलपी वाढलंय का एवढंच शोधते, कारण आपल्याकडे मुडदूस भरपूर आणि मुडदुसात एएलपी वाढतं. कमी झालेल्या एएलपीचं काय करायचं, हे शिकवणारा धडा अभ्यासक्रमात एखाद्या ओळीपुरता येतो.

एका आकड्यावर निदान करायचं नसतं. एएलपी खोटं कमी येण्याचीही कारणं आहेत. रक्तपेशी मोजायच्या जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ते जस्त आणि मॅग्नेशियम ओढून घेतं आणि हे विकर त्यांच्याशिवाय काम करत नाही. त्या नळीतलं रक्त चुकून इकडे मिसळलं की एएलपी पडतं, पण त्याच वेळी कॅल्शियमही पडतं. या मुलाचं कॅल्शियम १०.४ होतं, म्हणजे मर्यादेच्या वरच्या टोकाला, तेव्हा ती शंका मिटली. जस्ताची कमतरता, थायरॉइड कमी असणं, सिलिअ‍ॅक आजार, तीव्र कुपोषण यांतही एएलपी खाली जातं. यांपैकी काही नव्हतं. पुन्हा केलेल्या तपासणीत आकडा ६१ आला.

पुढची पायरी म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाचं रक्तातलं रूप, पायरिडॉक्सल फॉस्फेट. या आजारात ते वाढलेलं असतं. इथे एक खबरदारी घ्यावी लागते: मूल मल्टिव्हिटॅमिन घेत असेल तर त्यातल्या ब-६ मुळे आकडा फसवा येतो. म्हणून सगळी सिरपं आधी बंद केली, आणि मग नमुना उजेडापासून झाकून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात पायरिडॉक्सल फॉस्फेट मर्यादेच्या कितीतरी वर होतं.

आता हे विकर दातांचं काय करतं ते सांगायला हवं, कारण आईचा पहिला प्रश्न तोच होता. शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा एक पदार्थ सतत तयार होतो. तो कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक वाढू देत नाही. नको तिथे चुना साचू नये म्हणून ही सोय आहे. जिथे हाड आणि दात घडायचे असतात तिथे हे विकर पायरोफॉस्फेट तोडून वाट मोकळी करतं. विकर कमी पडलं की पायरोफॉस्फेट साचतं आणि हाडात, दातात खनिज भरणं अडतं. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा एक अतिशय पातळ थर असतो. दाताला हाडाशी बांधणारे तंतू एका टोकाने या थरात रुतलेले असतात. विकराच्या कमतरतेचा फटका सगळ्यात आधी या थराला बसतो. तो तयारच होत नाही किंवा तुटक तयार होतो, आणि गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही तसे ते तंतू मुळाला धरत नाहीत. दात निरोगी, मूळ निरोगी दिसणारं, हिरडी निरोगी, पण मधली पकड नाही. समोरच्या दातांची मुळं लहान आणि एकेकटी, म्हणून ती आधी सुटतात. दाढांची मुळं फाकलेली असल्यामुळे त्या पुष्कळदा टिकतात.

ब-६ चं कोडंही यातच सुटतं. पायरिडॉक्सल फॉस्फेटमधला फॉस्फेट हे विकर काढून टाकतं, तेव्हाच ते जीवनसत्त्व पेशीत शिरू शकतं. विकर नसलं की ते रक्तातच साचून राहतं. आजाराच्या सगळ्यात तीव्र रूपात, तान्ह्या बाळांना, यामुळे झटके येतात.

या आजाराला नाव मिळालं १९४८ साली. कॅनडातले डॉक्टर जे. सी. रॅथबन यांनी अशाच एका तान्ह्या बाळाचं वर्णन केलं. हाडं मुडदुसासारखी मऊ, झटके, आणि एएलपी मात्र वाढण्याऐवजी जवळजवळ नाहीसं. ते बाळ वाचलं नाही. पुढे कळत गेलं की हा एकच आजार फार वेगवेगळ्या रूपांत येतो. एका टोकाला जन्माआधीच जिवावर बेतणारा, दुसऱ्या टोकाला फक्त दातांपुरता. तीव्र रूप लाखात एखाद्या बाळाला होतं असा अंदाज १९५७ साली कॅनडातच मांडला गेला. सौम्य रूप त्याहून बरंच जास्त आढळतं, आणि त्यातली अनेक माणसं निदानाशिवायच आयुष्य काढतात. या मुलाचे वडील त्यातलेच एक निघाले.

ते असं झालं. घरात आणखी कुणाचे दात लवकर पडले होते का, असं मी आईला विचारलं. ती नाही म्हणाली. सासूबाई इतका वेळ नातवाला मांडीवर घेऊन गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “ह्याच्या बापाचे पडले होते की. शाळेत घालायच्या आधीच पुढनं बोळकं होतं. पुढे आले चांगले, मग कोण लक्षात ठेवतंय.” सुनेला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. घराण्याचा असा इतिहास विचारायचा असेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारावा, आणि तिला खोलीबाहेर बसवू नये.

पुढच्या खेपेला वडील आले. वय ३४. दोन वर्षांपूर्वी पाऊल दुखत होतं म्हणून एक्स-रे काढला, तर पावलाच्या लांब हाडात बारीक चीर निघाली. कुठे पडलेले नव्हते, कारखान्यात दिवसभर उभं राहण्याचं काम एवढंच निमित्त. ती चीर भरायला कित्येक महिने लागले. कारखान्याच्या वार्षिक तपासणीचा अहवाल त्यांनी मोबाइलवर दाखवला. एएलपी २७, मर्यादा ४० ते १२९, पुढे ‘कमी’ अशी खूणही होती. पण वार्षिक तपासणीत साखर आणि कोलेस्टेरॉल बघायचं असतं. ती खूण तिथेच राहून गेली. हायपोफॉस्फटेशिया असलेल्या मोठ्या माणसांत पावलाच्या हाडांना अशा चिरा पडणं आणि त्या लवकर न भरणं हे ओळखीचं लक्षण आहे.

जनुकीय तपासणीत मुलाच्या एएलपीएल या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष निघाला आणि तोच दोष वडिलांतही. हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असतं. आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीचं एएलपी तिच्या वयाला साजेसं आलं. तिचे दातही वेळेवर पडले होते.

मुलाची बाकीची तपासणी बालरोग आणि अंतःस्रावी विभागात झाली. मनगट आणि गुडघ्याच्या एक्स-रेत मुडदुसासारखे बदल नव्हते. कवटीचे सांधे वेळेआधी जुळत नाहीत ना ते पाहिलं. या आजारात ते होऊ शकतं आणि डोक्यातला दाब वाढू शकतो. ते ठीक होतं. मूत्रपिंडांच्या सोनोग्राफीत चुना साचलेला नव्हता. म्हणजे आजार आज तरी दातांपुरता होता. त्याला ओडोंटो-हायपोफॉस्फटेशिया म्हणतात, आणि हे त्याचं सगळ्यात सौम्य रूप.

उपचारांतली पहिली गोष्ट होती सिरप थांबवणं. ‘हाडं कच्ची’ म्हटलं की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की ते कुणी औषध मानतच नाही. इथे कॅल्शियम कमी नव्हतं, ते हाडात बसत नव्हतं. बाहेरून आणखी घातलं तर ते रक्तात आणि लघवीत वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. ड जीवनसत्त्व खरंच कमी असेल तर ते भरून काढावं, पण मोजून आणि लक्ष ठेवून. या मुलाचं पुरेसं होतं.

इंटरनेटवर वाचून वडिलांनी इंजेक्शनबद्दल विचारलं. अस्फोटेज अल्फा हे कमी पडणारं विकर बाहेरून देणारं औषध २०१५ साली जपान, युरोप, अमेरिका आणि कॅनडात मंजूर झालं. आठवड्यातून तीन किंवा सहा वेळा त्वचेखाली टोचावं लागतं. तीव्र रूपातली बाळं त्यामुळे जगू लागली, आणि या आजाराच्या इतिहासात त्याहून मोठी गोष्ट घडलेली नाही. पण किंमत सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडची आहे, आणि फक्त दातांपुरत्या आजारात त्याची गरज सहसा पडत नाही. हे ऐकून वडिलांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

आईने विचारलेला प्रश्न वेगळा होता. “हे आमच्यामुळं झालं का?” मुलाला दूध कमी पाजलं, गरोदरपणात नीट खाल्लं नाही, असं तिच्या मनात घातलं गेलं होतं. तिला सांगितलं की यात तिच्या खाण्याचा, दुधाचा, अंगणवाडीत मूल आपटण्याचा काहीही संबंध नाही. वडिलांनीही काही केलेलं नाही. जनुकाची ती प्रत त्यांना मिळाली तशीच पुढे गेली. पुढच्या प्रत्येक मुलात ती जाण्याची शक्यता निम्मी, आणि गेली तरी आजार किती तीव्र होईल ते आधी सांगता येत नाही. पुढचं मूल हवं असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्यावा, एवढं फाइलीवर लिहून दिलं. सासूबाईंसमोर हे सगळं मुद्दाम पुन्हा एकदा सांगितलं.

दातांचं काम तसं साधं आहे, पण चिकाटीचं. हलणारे दात उपटायचे नाहीत. जितके दिवस राहतील तितकं हाड आणि चावणं टिकतं. हिरडी स्वच्छ ठेवायची, कारण इथे मूळची पकडच कमजोर आहे, त्यात हिरड्यांचा आजार परवडणारा नाही. दर तीन महिन्यांनी सफाई आणि फ्लोराइडचं वार्निश. ऊस, आख्खा पेरू, कणीस पुढच्या दातांनी तोडायचं नाही. फोडी करून दाढेखाली द्यायच्या. दोन बाजूंच्या खालच्या पटाशीच्या दातांपैकी एक सहा महिन्यांत पडला, वरचाही पडला, दोन्ही मुळासकट. ते आता त्याच डबीत आहेत.

वरचा दात गेल्यावर ‘स’ आणि ‘त’ निसटायला लागले आणि अंगणवाडीतली मुलं चिडवायला लागली. साडेतीन-चार वर्षांच्या आधी मूल माप घेऊ देत नाही, म्हणून वाट पाहिली आणि चौथ्या वर्षी काढता-घालता येणारी छोटी कवळी करून दिली. जबडा वाढतो तशी ती दर वर्षा-दीड वर्षाने नव्याने करावी लागते. समोरची जागा आवळण्याची भीती फारशी नसते. खरी जपायची असते ती मागची दुधाची दाढ. सहाव्या वर्षीची कायमची दाढ यायच्या आधी ती पडली तर मागून येणारी दाढ पुढे सरकते आणि पुढच्या कायमच्या दातांची जागा खाते. या मुलाच्या चारही मागच्या दाढा आज घट्ट आहेत. अनेक मुलांत कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा चांगले धरतात. वडिलांचे पुढचे दात चौतिसाव्या वर्षीही जागेवर आहेत, आणि त्या घराला सगळ्यात मोठा धीर याच गोष्टीने दिला.

वडिलांच्या फाइलीवर हाडांच्या डॉक्टरांनी ठळक लिहिलं आहे: बिस्फॉस्फोनेट देऊ नये. हाडं ठिसूळ आहेत म्हणून सर्रास दिली जाणारी ही औषधं पायरोफॉस्फेटच्याच जातीची आहेत, आणि या आजारात मांडीच्या हाडाला चिरा पाडू शकतात. पुढे वयाच्या साठीला कुणी नवा डॉक्टर हाडांची घनता बघून गोळी लिहील, तेव्हा ती ओळ त्यांच्या कामी येईल. त्या ओळीचा फोटो त्यांनी मोबाइलमध्ये ठेवला आहे आणि बायकोच्याही. मुलगा आता साडेचार वर्षांचा आहे. दर सहा महिन्यांनी उंची, चाल, डोक्याचा घेर आणि दाढांची पकड बघितली जाते. पुढचा जबड्याचा एक्स-रे सहाव्या वर्षी, पहिल्या कायमच्या दाढा यायच्या सुमाराला काढायचा आहे.